नागपूरच्या उन्हाळ्यात तगतील असे लहान, शांत कॅटफिश कसे निवडावेत

वनस्पती लावलेल्या टाकीसाठी कॅटफिश मागायला गेले की दुकानदार बहुधा सकरकडे बोट दाखवतो आणि "काच साफ ठेवेल" एवढे सांगून पिशवी बांधायला घेतो. गेली अनेक वर्षे मी नागपुरात अशा टाक्या सांभाळतो आहे आणि या एका सल्ल्यामुळे बिघडलेल्या टाक्या मी खूप पाहिल्या आहेत. आपल्या शहरात कॅटफिश निवडताना मे महिन्याच्या अखेरीस टाकीतले पाणी किती तापते हे सर्वांत आधी पाहावे लागते. रंग, किंमत आणि साफसफाई हे प्रश्न त्यानंतर येतात. टाकी किमान दोन महिने चालू आहे, वनस्पतींनी मुळे धरली आहेत आणि पाण्यात माशांना घातक असलेले अमोनिया व नायट्राइट शून्यावर आहे, असे मी पुढे गृहीत धरले आहे. हे झालेले नसेल तर अजून कोणताही मासा आणू नये.

सुरुवात काय घ्यायचे नाही यापासून करावी. सकर दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट वाढला तर ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि मोठा होताना शेवाळ सोडून कोवळी पाने खरवडू लागतो. 'शार्क' या नावाने विकले जाणारे चंदेरी पिल्लू म्हणजे मेकाँग नदीतला पंगास. तो एक मीटरहून मोठा होतो आणि मासळीबाजारात आपण त्याला बासा म्हणून ओळखतो. लाल शेपटीचा रेडटेल कॅटफिश त्याहूनही थोराड होतो. पट्ट्यापट्ट्यांचा देशी टेंगरा दिवसा गरीब वाटतो, पण रात्री निऑन टेट्रा गिळतो. यांपैकी कोणी आधीच घरात असेल आणि टाकीत मावेनासा झाला असेल, तर तो फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडून देऊ नये. सकर आपल्या देशातल्या अनेक पाणवठ्यांत असाच सोडला जाऊन पसरला आहे आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर उठला आहे. तो दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाला द्यावा.

घ्यायच्या माशांत पहिली येते कोरी, म्हणजे कोरिडोरास हा दक्षिण अमेरिकेतला, थव्याने राहणारा लहान, मिशांचा कॅटफिश. तिच्यासाठी आधी टाकीचे माप पाहावे. २४ × १२ × १५ इंचांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी मावते, आणि तिच्यात मोठ्या कोरींचा सहाचा एक थवा किंवा पिग्मी कोरींचा दहा-बाराचा थवा सुखाने राहतो. कोरी एकटी किंवा जोडीने ठेवणे मला क्रूर वाटते. एकटी कोरी दिवसभर लाकडाखाली दडून बसते आणि मालकाला वाटते की हा मासाच लाजाळू आहे.

आता जी पायरी मला सर्वांत जड गेली तिच्याकडे, म्हणजे तापमानाकडे येतो. दक्षिण अमेरिकेतला मासा आहे म्हणजे त्याला उष्णता सोसवतेच, असे मीही धरून चाललो होतो. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत आठ पांडा कोरी आणल्या. पांढुरके अंग, डोळ्यांवर काळा पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असलेला हा मासा इतका देखणा असतो की निवडीचा दुसरा विचार माझ्या मनात आलाच नाही. नवतपा लागला, बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेला, टाकीतले पाणी ३३ अंशांवर पोहोचले आणि चार दिवसांत पाच कोरी मेल्या. पाणी खराब झाले असावे असे समजून मी भर दुपारी दोन वाजता निम्मे पाणी बदलले. उरलेल्या तिन्ही संध्याकाळपर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नळाखाली भरलेल्या बादलीत तापमापक घातला, तेव्हा कारण समजले. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे ते पाणी ३९ अंशांचे होते. एप्रिल ते जून या काळात पाणी बदलायचे असेल तर ते पहाटेच बदलावे, किंवा रात्री बादलीत भरून क्लोरीन काढणारे औषध घालून ठेवलेले पाणी सकाळी मोजून वापरावे. हा नियम मी तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बर्फाच्या बाटल्या तरंगवण्याचा सर्वत्र दिला जाणारा सल्ला पाळला. तासाभरात पाणी ३३ वरून २८ वर यायचे आणि बाटली वितळली की रात्रीपर्यंत पुन्हा ३२ व्हायचे. आठवडाभर असे हेलकावे खाल्ल्यावर माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. आजही हा सल्ला कोणी देताना दिसला की मला राग येतो, कारण दिवसातून दोनदा पाच अंशांची चढउतार सोसण्यापेक्षा स्थिर ३० अंश बहुतेक माशांना कमी त्रासदायक असतात.

पाणी तापल्यावर नेमके काय होते ते समजून घेतले तर निवड सोपी होते. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३३ अंशांच्या पाण्यात तो सुमारे ७.२ वर येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. त्यात आपली टाकी वनस्पतींची. दिवसा प्राणवायू सोडणाऱ्या वनस्पती रात्री तोच वापरतात, त्यामुळे पहाटे दिवे लागण्याआधीची वेळ सर्वांत वाईट असते. कोरीला एक सोय आहे. ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट गिळते आणि आतड्यातून प्राणवायू शोषते. अधूनमधून अशी फेरी मारणे हा तिचा स्वभावच आहे, पण सगळा थवा पुन्हापुन्हा वर धावू लागला तर ते खेळणे समजू नये. ती पाणी गुदमरल्याची सूचना असते.

म्हणून मासा मुळात कुठल्या पाण्यातला आहे हे विचारावे. पांडा कोरी पेरूमध्ये अँडीजच्या पायथ्याच्या नद्यांत राहते आणि तिला २० ते २५ अंशांचे पाणी मानवते. ठिपक्याठिपक्यांची पेपर्ड कोरी ला प्लाटा खोऱ्यातली, म्हणजे तीही थंड पाण्याची. खोली बारा महिने वातानुकूलित नसेल तर या दोघी नागपुरात आणूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. स्टर्बाय कोरी ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातली आहे. गडद अंगावर पांढरे ठिपके आणि छातीच्या पंखांना नारिंगी कडा, ही तिची खूण. ती २८ अंशांवर मजेत राहते, आणि म्हणूनच गरम पाणी लागणाऱ्या डिस्कस माशांसोबत ती जगभर ठेवली जाते. आपल्या शहरासाठी माझी पहिली निवड तीच आहे. ब्राँझ कोरी आणि तिचा पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो प्रकार स्वस्त, चिवट आणि सहज मिळणारा असल्याने नवख्याने तिथून सुरुवात करावी. मदेइरा खोऱ्यातली पिग्मी कोरी जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते आणि तळाऐवजी पानांच्या मध्ये थव्याने तरंगते. ती पाहताना तासन्‌तास जातात, पण पाणी २८ अंशांच्या आत ठेवण्याची तयारी असेल तरच ती घ्यावी. पूर्वी कोरिडोरास या एकाच प्रजातीनामाखाली येणाऱ्या या माशांची २०२४ मध्ये अनेक गटांत विभागणी झाली आहे, त्यामुळे पाटीवर निराळे शास्त्रीय नाव दिसले तर गोंधळून न जाता वर दिलेल्या खुणा पाहाव्यात.

पाणी २८-२९ वर रोखणे विदर्भात वाटते तितके अवघड नाही, कारण आपला उन्हाळा कोरडा असतो. टाकीचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडावा. बाष्पीभवनामुळे माझ्या टाकीत ३३ चे साडेएकोणतीस होतात आणि दिवसरात्र तिथेच टिकतात. खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओलसर होऊन पंख्याचा परिणाम थोडा घटतो, पण खोलीच थंड असल्याने एकूण हिशेब फायद्याचाच राहतो. माझ्या दोन फुटी टाकीतले दीड-दोन लिटर पाणी यात रोज उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून घट भरून काढायला आरओचे पाणी घालावे. विशेषतः बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विसरू नये, अन्यथा महिनाभरात पाणी कितीतरी कडक होते. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावावेत, वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर त्याचे प्रमाण कमी करावे आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवावा. काचेवर चिकटवायच्या पट्टीवर विसंबू नये; पाण्यात बुडणारा तापमापक घ्यावा. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि पंख्याचा प्रभाव उतरतो, पण तोवर उष्माही ओसरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतोच.

शेवाळ खाणारा मासा हवा असेल तर सकरऐवजी ओटो, म्हणजे ओटोसिन्क्लस घ्यावा. तो चार सेंटिमीटरचा असतो आणि पानाला धक्का न लावता त्यावरचे तपकिरी शेवाळ खातो. पण तो बहुतेक वेळा नदीतून पकडून आणलेला आणि वाटेत अनेक दिवस उपाशी राहिलेला असतो, म्हणून टाकी जुनी झाल्याशिवाय आणि काचेवर शेवाळाचा पातळ थर दिसल्याशिवाय तो आणू नये. दुकानात तो काचेला चिकटला की त्याचे पोट समोरून दिसते. ते भरलेले, गोलसर हवे; खपाटीला गेलेले पोट असेल तर कितीही दया आली तरी तो घेऊ नये, कारण अशा ओटोची आतड्यातली पचनाची व्यवस्थाच कोलमडलेली असते आणि पुढे समोर अन्न असूनही तो मरतो. घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची किंवा दोडक्याची चकती रात्री दगड बांधून तळाशी ठेवावी आणि सकाळी काढून घ्यावी. अंगणातल्या देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन टाकीत टाकली तर त्यांवर जमणारा सूक्ष्म थरही तो आवडीने खरवडतो. त्याचाही कल २६ अंशांच्या आतल्या पाण्याकडे असल्याने पंख्याची सोय आधी करून घ्यावी. लाकूड भरपूर आणि टाकी तीन फुटी असेल तर बारा-तेरा सेंटिमीटरचा ब्रिसलनोज हा ओटोहून चिवट पर्याय आहे.

काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश मधल्या थरात थव्याने राहतो. तो शांत आहे, पण पाण्यातले बदल त्याला अजिबात सोसत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी तो टाळावा.

दुकानात कोरी पाहताना सर्वांत आधी मिशा पाहाव्यात. त्या झिजलेल्या असतील तर ती घाणेरड्या तळावर राहिलेली आहे. पोट आत गेलेले, पंख मिटलेले किंवा श्वास धापा टाकल्यासारखा असेल तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये. निळ्या-गुलाबी रंगाच्या कोरी रंग टोचून केलेल्या असतात. त्या कधीही विकत घेऊ नयेत, कारण आपण पैसे मोजतो तोवर तो प्रकार थांबणार नाही. खरेदी दसरा ते संक्रांत या काळात करावी. मार्चनंतर कोरी आणणे म्हणजे नव्या पाण्याची सवय होण्याआधीच तिला उन्हाळ्यात लोटणे.

कोरीच्या पंखांचे काटे ताठ होऊन जाळ्यात अडकतात आणि पिशवीही फाडतात, म्हणून मासे दुहेरी पिशवीत घ्यावेत. घाबरलेली कोरी विषारी द्रव सोडते, त्यामुळे एका पिशवीत तीन-चारपेक्षा जास्त मासे भरू देऊ नयेत आणि ते पाणी टाकीत कधीही ओतू नये. नवे मासे आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत.

तळाला बारीक, गोल कणांची रेती हवी. कन्हानची रेती चाळून, पाणी नितळ होईपर्यंत धुतली की उत्तम काम देते. दगड फोडून केलेली बांधकामाची रेती धारदार असल्याने वापरू नये. तळाचा एक तृतीयांश भाग वनस्पतींविना मोकळा ठेवावा, कारण कोरी रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडते आणि गालिचासारख्या दाट वनस्पतींत तिला हे करता येत नाही. ज्यांची मुळे सैल आहेत अशा नव्या काड्या ती उपटतेही, तेव्हा अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधावेत. सोबतीला निऑन, रासबोरा, गप्पी चालतात. एंजल, सिक्लिड आणि गोल्डफिश चालत नाहीत, कारण लहान कोरी गिळायला गेलेल्या मोठ्या माशाच्या घशात तिचे काटे अडकतात आणि दोघेही जातात.

खाणे दिवे विझवल्यावर घालावे, म्हणजे वरचे मासे बुडणाऱ्या गोळ्या पळवत नाहीत. सहा कोरींना दोन लहान गोळ्या पुरतात. तासाभराने मंद टॉर्च लावून पाहावे, उरलेले काढून घ्यावे आणि तेवढ्यात कोरी मोजून घ्याव्यात. सहापैकी पाचच दिसल्या तर लाकडाखाली आणि फिल्टरच्या मागे त्याच रात्री शोध घ्यावा, कारण उन्हाळ्यात मेलेली कोरी सकाळपर्यंत राहिली तर उरलेल्यांचे पाणी नासवते.