चेक भाषेतल्या तारखा तोंडात कशा बसवल्या

प्रागमध्ये फोनवर कुणी वेळ द्यायला लागलं की माझी गाडी तारखेवर अडायची. कागदावर सगळं सोपं असतं: २८. १०. १९१८. आकड्यापुढचा टिंब म्हणजे 'अठ्ठाविसावा', महिन्याच्या आकड्यालाही तोच. अडचण ऐकताना येते, कारण 'पाचवा' हा 'पाती', पण तारखेत तो 'पातेहो' होतो, आणि मे महिना 'क्व्येतेन'चा 'क्व्येतना'. म्हणजे दोघांनाही षष्ठी. आपल्या '५ मेला'मधला 'ला' तिथे लागत नाही, षष्ठीतच काम भागतं.

मी तक्ते पाठ करणं सोडलं आणि जोडीच पाठ केली. रोज सकाळी चहा होईतो आजची आणि उद्याची तारीख मोठ्यानं म्हणायची, बस्स. वाढदिवस आणि सणांच्या तारखाही त्यात घातल्या. नोव्हेंबर मात्र 'लिस्तोपाद'चा 'लिस्तोपादू' होतो, तो वेगळा घोकावा लागला. जून-जुलै तर मुद्दाम छळायलाच ठेवलेत: 'चेर्वेन' आणि 'चेर्वेनेत्स'! तिथे मी अजूनही आकडा विचारून घेतो, आणि लोक हसत सांगतात.

एकविसापासून पुढे दशकाचा आणि एककाचा असे दोन्ही शब्द बदलतात, 'द्वात्सातेहो ओस्मेहो'. पण बोलताना 'ओस्माद्वात्सातेहो' असंही म्हणतात, म्हणजे आठ-आणि-विसावा. आपल्या अठ्ठाविसात आठ आधीच येतो, त्यामुळे हा प्रकार मला पटकन जमला. सन १९१८ मात्र 'एकोणीसशे अठरा' या चालीवरच, त्याला क्रमवाचक लागत नाही.