डीआय रेझिन सारखं संपत होतं, शेवटी चोर सापडला

माझा सॉल्टवॉटर टँक (खाऱ्या पाण्याचं अॅक्वेरियम) आहे, त्याच्या पाण्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार पकडणाऱ्या दाण्यांचा, एकच मिक्स्ड बेड (दोन प्रकारचं रेझिन एकत्र मिसळलेला) डबा लावला होता आणि तो बघता बघता संपायचा. आरओचं पाणी 8 टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप), मेंब्रेन (आरओचा गाळणारा पडदा) ठणठणीत, मग रेझिन खातंय कोण? आधी वाटलं रेझिनच भंगार आहे. दोनदा ब्रँड बदलला, पैसे गेले, काचेवर तपकिरी थर परत आला तो आलाच.

मग एकाने सांगितलं कॅटायन (धन आयन पकडणारं) आणि अॅनायन (ऋण आयन पकडणारं) रेझिन वेगळे लाव. लावले. दहा दिवसांत अॅनायनचा निळा रंग (रेझिन संपलं की उडतो) खालून अर्ध्यापर्यंत उडाला, कॅटायन मात्र जेमतेम बोटभर. तिथे ट्यूब पेटली. आमचं पाणी बोअरचं, त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर, तो वायू मेंब्रेनमधून सरळ पार होतो, टीडीएस मीटरवर जवळजवळ दिसतच नाही आणि अॅनायन रेझिन फस्त करतो. खात्री करायला बोअरच्या ताज्या पाण्याचा पीएच घेतला तर 6.6, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तासांनी 7.8, म्हणजे आम्लता वाढवणारा तो वायू उडून गेला, चोर तोच.

आता आरओचं पाणी आधी ड्रममध्ये, एक दिवस एअरस्टोन, मग छोट्या पंपाने कॅटायन, अॅनायन आणि शेवटी मिक्स्ड बेड. (ड्रमवर जाळी टाका, डास होतात.) अॅनायन आता तिप्पट टिकतंय. फक्त मीटरवर शून्य दिसतंय म्हणून संपलेलं अॅनायन ताणू नका, ते आधी सिलिका सोडतं आणि मीटरला ती कळतच नाही, माझा तपकिरी थर त्या सिलिकावर वाढणाऱ्या डायटम शेवाळाचाच होता.