रेडसाठी गियर तयार करताना या चुका टाळा

ऑनलाइन गेममधल्या रेडसाठी (मोठ्या गटाने मिळून बॉस मारण्याच्या मोहिमेसाठी) गटात घेताना रेड लीडर आधी आयटम लेव्हल, म्हणजे गियरची (अंगावरच्या शस्त्र-चिलखताची) पातळी बघतो, म्हणून बहुतेकांची धडपड तेवढा आकडा वाढवण्यासाठीच चालते. आकडा वाढतो, गटात जागा मिळते, आणि पहिल्याच बॉसवर डॅमेज कमी पडतो किंवा टँक (बॉसचे फटके अंगावर घेणारा) दोन फटक्यांत आडवा होतो. आयटम लेव्हल ही अंगावरच्या वस्तूंची सरासरी असते. त्या वस्तू एकमेकींशी, तुमच्या स्पेकशी (क्लासमधून निवडलेल्या खेळण्याच्या प्रकाराशी) आणि बाकीच्या गटाशी जुळतात का, हे तिच्यात दिसत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

मोठ्या आकड्यासाठी सेट मोडणे

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये टियर सेटच्या (एकत्र घातलं की बोनस देणाऱ्या चिलखताच्या संचाच्या) पाच जागा असतात: डोकं, खांदे, छाती, हात आणि पाय. दोन भागांवर एक बोनस मिळतो, चारवर दुसरा. म्हणजे पाचवी जागा मोकळी राहते आणि सेटबाहेरची चांगली वस्तू तिथेच बसवायची असते. प्रत्यक्षात जास्त लेव्हलचं चिलखत मिळालं की ते लगेच चढवलं जातं, चाराचे तीन होतात आणि मोठा बोनस बंद पडतो. सरासरी मात्र वर गेलेली असते, त्यामुळे शंकाही येत नाही. चार भागांचा बोनस सोडायचाच असेल तर आधी सिम्युलेशन (किती डॅमेज होईल याचा संगणकी अंदाज) चालवा. बहुतेक वेळा उत्तर ‘सोडू नका’ असंच येतं.

याच गेममध्ये अंगठ्या आणि गळ्यातल्या हारावर मुख्य स्टॅट (ताकदीसारखा आकड्यातला गुण) नसतो, फक्त स्टॅमिना आणि दुय्यम स्टॅट असतात. त्यामुळे नको असलेले दुय्यम स्टॅट घेऊन आलेली वरच्या लेव्हलची अंगठी जुन्या अंगठीपेक्षा कमी पडू शकते. शस्त्राचं उलट आहे. तिथे लेव्हल वाढली की सगळ्यात जास्त फरक पडतो, म्हणून अपग्रेडचं साहित्य मोजकं असेल तर डॅमेज करणाऱ्याने ते आधी शस्त्रावर घालावं.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये सेट मोडतो तो वेगळ्याच रीतीने. तिथे शस्त्रांचे दोन बार (लढताना आलटूनपालटून वापरायचे संच) असतात. तीन दागिने आणि पुढच्या बारवरचं दोन हातांचं शस्त्र मिळून पाचचा सेट पूर्ण केलात (हे शस्त्र दोन भाग म्हणून मोजलं जातं), तर मागच्या बारवर जाताच तो सेट तीनवर येतो. कायम लागणारा बोनस अंगावरच्या भागांवर ठेवा. एका बारपुरताच चालणारा सेट शस्त्रावर चालतो, पण मग त्याचा उपयोग त्याच बारवर व्हायला हवा.

मर्यादा न बघता स्टॅट भरणे

सगळ्यात जास्त गियर वाया जातं ते इथे. प्रत्येक गेममध्ये काही स्टॅट ठराविक आकड्यानंतर निरुपयोगी ठरतात किंवा कमी फळ देतात, आणि तो आकडा गेमच्या आवृत्तीनुसार बदलतो.

बर्निंग क्रूसेड या जुन्या आवृत्तीच्या काळातल्या वॉरक्राफ्टमध्ये रेड बॉस तुमच्यापेक्षा तीन लेव्हल वर धरला जातो. त्याच्यावर जादू शक्य तितकी कमी चुकावी म्हणून १६ टक्के हिट (हल्ला लागण्याची शक्यता वाढवणारा स्टॅट) लागतं, म्हणजे ७०व्या लेव्हलला वस्तूंवरचं २०२ रेटिंग (गुण). शस्त्राच्या विशेष हल्ल्यांना ९ टक्के पुरतं, म्हणजे १४२. टॅलेंटमधून (निवडलेल्या खास क्षमतांमधून) मिळणारं हिट त्यातून वजा करा. ते न केल्यामुळे दोन-तीन वस्तू उगाच हिटमध्ये अडकलेल्या असतात. दोन्ही हातांत शस्त्र असेल तर साधे फटके २८ टक्के चुकतात, पण तेवढं हिट भरण्याच्या मागे लागू नका, कारण तेच रेटिंग दुसरीकडे जास्त कामाचं असतं. टँकसाठी ४९० डिफेन्स हा कळीचा आकडा. त्यापेक्षा कमी असेल तर बॉसचा फटका क्रिट (नेहमीपेक्षा बराच जोराचा) होऊ शकतो आणि हीलर (गटाचा जीव भरून काढणारा) कितीही चांगला असला तरी टँक अचानक मरतो.

हेच आकडे घेऊन कोणी आजच्या वॉरक्राफ्टमध्ये आलं तर काहीच जुळत नाही, कारण हिट हा स्टॅट २०१४ मध्येच वस्तूंवरून काढून टाकला गेला. आता अडचण वेगळी आहे. क्रिट, हेस्ट (वेग) यांसारख्या दुय्यम स्टॅटमध्ये रेटिंगमधून मिळणारा हिस्सा ३० टक्क्यांच्या वर गेला की पुढच्या रेटिंगला १० टक्के कात्री लागते, ३९ च्या पुढे २० टक्के, आणि ती पुढे वाढत जाते. ‘माझ्या क्लासला हेस्ट चांगलं’ एवढंच वाचून सगळीकडे हेस्ट भरणाऱ्याला हे नडतं. गाईड वाचण्याआधी ते कोणत्या पॅचचं (अपडेटचं) आहे ते बघा.

काही मर्यादा एकट्याच्या नसतात, गटाच्या असतात. एल्डर स्क्रोल्समध्ये ट्रायल (तिथली रेड) बॉसचं चिलखत १८,२०० असतं. त्यातले मेजर ब्रीच हा डिबफ (शत्रूला कमजोर करणारा परिणाम) ५,९४८ आणि मायनर ब्रीच २,९७४ कमी करतं, तर टँकच्या इन्फ्यूज्ड (एन्चँटचा जोर वाढवणाऱ्या) शस्त्रावरचं क्रशर हे एन्चँट (वस्तूवर चढवलेली जादू) आणखी २,१०८. उरले ७,१७०. तुमचं पेनेट्रेशन (चिलखत भेदण्याचा स्टॅट) यापेक्षा जास्त असेल तर वरचं सगळं फुकट, तेवढी जागा क्रिटला द्या. गटात हे डिबफ कोण लावणार आहे हे विचारल्याशिवाय हा हिशेब करताच येत नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये अशीच एक खोच आहे: व्हेल गार्डियनसारखे काही बॉस सगळ्यात जास्त टफनेस (चिवटपणाचा स्टॅट) असलेल्याच्या मागे लागतात. जीव वाचावा म्हणून कोणी टफनेसचं गियर घालून आला की बॉस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो आणि सगळी मांडणी विस्कटते.

फायनल फँटसी १४ मध्ये प्रत्येक वस्तूवर प्रत्येक दुय्यम स्टॅटची कमाल ठरलेली असते. १२व्या श्रेणीचं मटेरिया (वस्तूत बसवायचा स्टॅट वाढवणारा खडा) ५४ देतं, पण वस्तूत २० चीच जागा उरली असेल तर २० च मिळतात. बसवण्याआधी खिडकीत दिसणारी खरी वाढ वाचा. स्किल स्पीडही पायऱ्यांनी चालतो: ग्लोबल कूलडाऊन (दोन हल्ल्यांमधली थांबण्याची वेळ) ०.०१ सेकंदाने कमी होण्याइतके गुण भरले नाहीत, तर मधल्या गुणांनी त्याचा वेग बदलत नाही.

दुरुस्ती, जेवण, एन्चँट

यात अवघड काही नाही, तरी दर रेडला कोणीतरी अडकतंच. वॉरक्राफ्टमध्ये प्रत्येक मृत्यूला अंगावरच्या वस्तूंची टिकाऊपणाची पातळी १० टक्क्यांनी घसरते. दहा वाइप (सगळा गट मरणं) झाले की वस्तू शून्यावर, आणि शून्यावरची वस्तू स्टॅट देत नाही. सातव्या-आठव्या वाइपला दुरुस्ती उरका. फायनल फँटसीत क्राफ्टर स्वतः दुरुस्ती करत असेल तर पातळी १९९ टक्क्यांपर्यंत नेता येते, मेंडरकडे (दुरुस्ती करून देणाऱ्या गेममधल्या पात्राकडे) १०० च मिळते.

वॉरक्राफ्टमध्ये मेल्यावर साध्या जेवणाचा बफ (तात्पुरता फायदा) जातो, फ्लास्कचा (स्टॅट वाढवणाऱ्या पेयाचा) राहतो. म्हणून जेवण फ्लास्कच्या कितीतरी पट लागतं. फायनल फँटसीत एक जेवण ३० मिनिटं चालतं. तीन तासांच्या रेडला सहा लागतील, आठ जवळ ठेवा.

एन्चँट आणि जेमच्या बाबतीत ‘पुढच्या आठवड्यात ही वस्तू बदलणारच आहे’ हे कारण नेहमी ऐकू येतं. ती बदलत नाही. निदान स्वस्त प्रकारचं एन्चँट तरी लावून या.

सिम्युलेशन चुकीचं वाचणे

रेडबॉट्स या सिम्युलेशनच्या वेबसाइटवर तुमच्या वस्तूंची तुलना करता येते, पण मूळ सेटिंग एका जागी उभ्या असलेल्या एकाच शत्रूशी पाच मिनिटांच्या लढाईचं असतं. बॉससोबत छोटे शत्रू येत असतील किंवा सतत पळावं लागत असेल तर ट्रिंकेटचा (खास परिणाम देणाऱ्या छोट्या वस्तूंचा) क्रम पार उलटू शकतो, तेव्हा लढाईचा प्रकार बदलून पुन्हा चालवा. अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी महागडी अदलाबदल करू नका. एक वस्तू बदलली की जुने स्टॅट वेट (कोणत्या स्टॅटला किती महत्त्व याचे आकडे) टाकून द्या. हीलरने या आकड्यांवर फार विसंबू नये; त्याचं काम डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) मोजता येत नाही.

रेडमध्ये काही बिघडलं तर

सिम्युलेशनपेक्षा डॅमेज थोडा कमी असेल तर तो खेळण्यातला फरक. एकदम २० टक्के कमी असेल तर आधी गियर तपासा: सेटचा बोनस चालू आहे का, योग्य स्पेक आणि टॅलेंट आहेत का, पीव्हीपी (खेळाडूंविरुद्धच्या लढाईचं) ट्रिंकेट तर राहिलं नाही ना. हातात मासेमारीचा गळ घेऊन बॉससमोर उभे राहणारेही असतात. वॉरक्राफ्ट लॉग्ज या लढाईच्या नोंदींच्या वेबसाइटवर प्रत्येक पुलच्या (बॉसशी लढाई सुरू करण्याच्या) वेळी अंगावर काय होतं ते दिसतं.

टँक मरत असेल तर शेवटच्या पाच सेकंदांची नोंद उघडा. एकाच मोठ्या फटक्याने मेला असेल तर बचावाचं कूलडाऊन (थोड्या थोड्या वेळाने वापरता येणारी क्षमता) चुकलंय किंवा जुन्या आवृत्तीत डिफेन्स अपुरा आहे. सलग छोट्या फटक्यांनी मेला असेल तर प्रश्न हीलिंगचा.

हीलरचा माना (जादूची शक्ती) दर वेळी लढाईच्या मध्यावरच संपत असेल, तर त्याला रिजनचं (माना परत भरणारं) ट्रिंकेट देण्याआधी बाकीचे किती टाळता येण्यासारखा डॅमेज खातात ते मोजा. आकडा मोठा निघाला तर बदल हीलरच्या गियरमध्ये करायचा नाही.