तुरा बघून निळ्या-हिरव्या अंड्यांची कोंबडी कशी तयार करायची (कोकणातल्या परसासाठी)

घरच्या गावठी कोंबड्यांतून निळी नाहीतर हिरवी अंडी देणारी पिल्लावळ तयार करायची हौस बऱ्याच जणांना असते, पण अडचण अशी की पिल्लू वाढवायचं, मुंगूस, घार, कांडेचोर सगळ्यांपासून सांभाळायचं आणि पाच-सहा महिन्यांनी तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर आली की कळतं, हिचं अंडं तपकिरीच आहे. कोंबड्याचं तर ते पण कळत नाही. म्हणून पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावरच त्याचा तुरा बघून निवड करायची पद्धत सांगतो, ती एकदा समजली की निम्मा दाणा वाचतो.

आधी रंगाचं बघू. कवचाला निळा रंग येतो तो बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्यामुळे आणि तो कवचात आतपर्यंत मुरलेला असतो. तपकिरी रंग मात्र वरवरचा, अंडं बाहेर यायच्या आधी शेवटी चढणारा. निळ्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवं दिसतं, म्हणून गावठी कोंबडीशी क्रॉस केला की बहुतेक हिरवटच अंडी मिळणार, निळी नाही. अगदी निळंच पाहिजे असेल तर पांढऱ्या अंड्याची कोंबडी घ्या, व्हाइट लेगहॉर्न चालते. निळ्याचं जनुक एकच आहे आणि ते आई किंवा बाप एकाकडून आलं तरी पुरतं. तपकिरीची जनुकं बरीच असतात, त्यामुळे तपकिरी छटा पिढीगणिक कमीजास्त होत राहते.

आता खरी गंमत. एकेरी तुरा म्हणजे आपल्या बहुतेक गावठी कोंबड्यांचा उभा, करवतीसारखा दातेरी. वाटाणा तुरा म्हणजे बुटका, डोक्याला चिकटून असलेला, तीन ओळींचा. अरॉकाना, अमेरॉकाना या निळ्या अंड्यांच्या जातींना वाटाणा तुरा असतो, आणि वाटाणा तुऱ्याचं जनुक नि निळ्या अंड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलेली आहेत. म्हणून ती बहुतेक वेळा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, शंभरात तीन ते पाच पिल्लांत जोडी तुटते तेवढंच.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, असील कोंबड्यालाही वाटाणा तुरा असतो आणि त्याच्यात निळ्याचं जनुक नसतं. कोकणात गावठीत असीलचं रक्त बरंच मिसळलेलं आहे, तेव्हा ज्या कोंबडीचा तुरा बुटका, मान लांब, पाय जाड, ती या कामाला घेऊ नका, नाहीतर तुऱ्यावरून काहीच कळणार नाही. कोंबडी एकेरी तुऱ्याचीच पाहिजे. कडकनाथ एकेरी तुऱ्याचा असतो, तो चालेल (आणि त्याचं अंडं काळं असतं ही नुसती अफवा आहे, फिकट बदामी असतं).

पायरी १, निळ्या अंड्यांच्या जातीचा कोंबडा. विकणाऱ्याकडे त्याच्या आईचं अंडं मागा आणि फोडून बघा. आतला पातळ पापुद्रा नखाने सोलून काढा, कवच आतूनही निळसर असेल तर आईत जनुक आहे, आतून पांढरं असेल तर नाही, बाहेरून कितीही हिरवं सांगितलं तरी पैसे देऊ नका. अंडं दाखवत नसेल तर सोडून द्या. तुरा वाटाणाच पाहिजे, कारण निळी अंडी देणाऱ्या काही जाती एकेरी तुऱ्याच्या पण आहेत, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही. कानावर झुपके असलेल्या दोन पक्ष्यांची जोडी लावू नका, दोन्हीकडून ते जनुक आलेली पिल्लं अंड्यातच मरतात.

पायरी २, जोडी. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या पुरे. जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा, कारण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, त्याच्या आत अंडी बसवली तर बाप कोण ते कळणार नाही. शिंपल्यांचा चुरा रोज ठेवा, आपल्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या मिळतात त्याच धुऊन वाळवून कुटायच्या.

पायरी ३, उबवण. खुडूक कोंबडी मिळाली तर इनक्युबेटर लागत नाही, दहा-बारा अंडी बसवा, २१ दिवसांत पिल्लं. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवू नका, निमुळतं टोक खाली ठेवा. कोकणात पावसाळ्यात पिल्लं काढू नये असं माझं ठाम मत आहे, ओल्या तुसात रक्ती हगवण लागते आणि पिल्लं पटापट जातात. दिवाळीनंतर बसवा, म्हणजे मे-जूनपर्यंत तलंगा अंड्यावर येतात. सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या, देवीची पण विचारा, कारण तुऱ्यावर देवीचे फोड आले की तुरा ओळखता येत नाही.

पायरी ४, तुरा बघणे. पिल्लू सुकलं की उजेडात धरा, चोचीच्या वर नाकपुड्यांच्या मागे बघा. बारीक उभी एकच रेघ दिसली आणि बोटाला टोचल्यासारखी लागली तर एकेरी. रुंद, चपटा, तीन बारीक रेघा शेजारी शेजारी असलेला डाग दिसला तर वाटाणा. शंका असेल तर तीन आठवड्यांनी परत बघा. मिश्र पिल्लात, विशेषतः कोंबड्यात, मधली ओळ जरा उंच वाढते, ते बघून एकेरी समजू नका. पायात रंगीत रिंग घाला, नंतर आठवत नाही.

पहिल्या पिढीत कोंबडा शुद्ध (म्हणजे आई-बाप दोघांकडून वाटाणा तुऱ्याचं जनुक आलेला) असेल तर सगळी पिल्लं वाटाणा तुऱ्याची निघतात. काही एकेरी निघाली म्हणजे कोंबडा शुद्ध नव्हता, तेवढी बाजूला करा, बाकीची कामाची आहेत. दुसऱ्या पिढीला यातला कोंबडा परत एकेरी तुऱ्याच्या वेगळ्या गावठी कोंबड्यांवर सोडा. आता निम्मी वाटाणा, निम्मी एकेरी. वाटाणावाल्या तलंगा जवळजवळ सगळ्या हिरवी अंडी घालणार. एकेरीवाल्या विका किंवा तपकिरी अंड्यासाठी ठेवा, आणि जादा कोंबडे वड्यांबरोबर जातातच.

शुद्ध करायचं असेल तर वाटाणा तुऱ्याचे दोघे एकमेकांना लावा. त्यातल्या वाटाणा तुऱ्याच्या कोंबड्यांपैकी तीनात एक शुद्ध असतो, पण तो दिसून ओळखू येत नाही. प्रत्येकाला एकेरी तुऱ्याच्या कोंबडीवर सोडा, आठ-दहा पिल्लांत एकही एकेरी निघालं नाही तर तो बहुतेक शुद्ध, तोच पुढच्या वर्षाला ठेवा आणि त्याच्या बहिणींवर नाही, दुसऱ्या घरच्या तलंगांवर सोडा.