रिफर्बिश्ड की नवा कॅमेरा? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "लक्ष्मी रोडवर मिरवणुकीचे फोटो काढायचेत, नवा घेऊ की रिफर्बिश्ड?" माझं मत पक्कं आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकलेली) घ्यायला हरकत नाही. जुनी लेन्स मात्र उजेडात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पुण्यात तर नाहीच.

लेन्स फक्त बाहेरून बघणं

चार महिने पाऊस, बंद कपाट, ओलसर बॅग. लेन्सला आतून बुरशी धरते. भाच्याबरोबर निकॉनची जुनी ५० एमएम १.८ डी बघायला गेले होते. काच लखलखीत, किंमत मोहात पाडणारी. दोन्ही टोप्या काढल्या, अ‍ॅपर्चरची रिंग १.८ वर आणून लेन्समधलं छिद्र पूर्ण उघडलं आणि मागून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. कडेला केसाहून बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले. विकणारा म्हणाला, "ताई, धूळ आहे, फोटोत नाही येत." धुळीचे ठिपके असतात, तिला फाटे फुटत नाहीत. थोडी बुरशी फोटोत दिसत नाही हे खरं, पण ती पसरली की फोटो धुरकट होतो आणि काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं तर साफ करूनही डाग राहतो.

शिवाय ती लेन्स भाच्याच्या निकॉन डी५६०० वर ऑटोफोकस झालीच नसती. त्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि डी लेन्सला ती बॉडीतूनच लागते. म्हणून आपली बॉडी सोबत नेऊन, लेन्स लावूनच बघा.

सेकंडहँडला रिफर्बिश्ड समजणं

रिफर्बिश्ड म्हणजे तपासलेला, लागेल तिथे दुरुस्त केलेला आणि वॉरंटीसह विकलेला. नुसता पुसून डब्यात घातलेला कॅमेरा सेकंडहँडच. काय बदललं, वॉरंटी किती महिने आणि ती कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीखालच्या नंबरशी जुळवा. नव्यातही हीच काळजी हवी. परदेशातून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याला भारतातली कंपनीची वॉरंटी मिळेलच असं नाही.

शटर काउंट न विचारणं

शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा, शटर, आजवर किती वेळा उघडला तो आकडा. निकॉन डी७५० चं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. म्हणजे त्यानंतर लगेच बंद पडतं असं नाही, पण १,२०,००० झालेल्या बॉडीला ३०,००० वालीचा भाव देऊ नये. निकॉनच्या मूळ जेपेग फाइलच्या माहितीत हा आकडा सहसा सापडतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत फाइलमध्ये नसतो, तो विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मॉडेलचा इतिहासही बघा. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, डाग पडायचे. २०१४ मध्ये कंपनीने त्यासाठी मोफत तपासणी आणि शटर बदलून देण्याची सोय केली. असा कॅमेरा समोर आला तर शटर बदललंय का, हे आधी विचारा.

आणि आपल्याकडची एक खूण. वर फ्लॅश बसवायच्या (हॉटशूच्या) खाचेत, रबर ग्रिपच्या कडेला गुलाबी रेघ दिसली तर तो कॅमेरा गुलालात फिरलेला आहे. बटणं आणि डायल एकेक करून फिरवा. कुठे अडकतंय का ते बोटाला कळतं.

घरी आणल्यावर तपासणी पुढे ढकलणं

परत करायची मुदत निघून जाण्याआधी एवढं कराच. एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. लेन्स बदलूनही ठिपके त्याच जागी आले, तर घाण सेन्सरवर आहे. आधी कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने हवा मारून बघा, तोंडाने फुंकू नका. टोपी लावून, शटर काही सेकंद उघडं ठेवून एक फोटो घ्या. चमकणारे रंगीत ठिपके बरेच निघाले तर विक्रेत्याला दाखवा. फोकस चाचपडत असेल तर लेन्सचे धातूचे कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडाने पुसून, दुसरी लेन्स लावून बघा. तीही चाचपडली तर दोष बॉडीत असण्याची शक्यता जास्त, आणि अशी बॉडी परत करा. बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरूच नका.

लग्नांची कामं घेणार असाल, तर कंपनीच्या वॉरंटीसाठी मी नवीच बॉडी घ्यायला सांगेन. भिगवणचे फ्लेमिंगो किंवा सिंहगडावरची पहाट टिपायची असेल, तर रिफर्बिश्ड बॉडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगली लेन्स. त्यातलेच थोडे पैसे हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायच्या छोट्या मीटरसाठी ठेवा. मीटरचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या.