देगलूर-बिलोलीच्या ग्रॅनाइटचं वय आणि मूळ कसं काढायचं

मराठवाड्याचा जुना पाया बहुतेक ठिकाणी काळ्या बेसॉल्टखाली दडलेला आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधनविवर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावरच तो लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र काळी माती सरून तांबूस, वाळूमिश्रित जमीन सुरू होते आणि ग्रॅनाइटचे धोंडे उघड्यावर येतात. नमुना इथूनच घ्यावा.

तो जागच्या खडकाचाच हवा. सुटा धोंडा, नदीपात्रातला गोटा किंवा क्रशरवरची खडी चालत नाही, कारण ती कुठून आली ते सांगता येत नाही. चालू खाणीचा ताजा कडा सर्वांत उत्तम. हातोडीने फोडलेल्या पृष्ठभागावर फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं गुलाबी-पांढरं मुख्य खनिज) चकाकला पाहिजे. तो पिठूळ, पांढुरका दिसला तर त्याची चिकणमाती व्हायला लागली आहे. असा नमुना टाकून द्यावा. तीन ते पाच किलो पुरतात. क्वार्ट्झ (गारगोटी) दिसतोय ना, हेही भिंगातून पाहावं; तो नसेल तर खडक ग्रॅनाइट नव्हे. फरशीच्या दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकतात तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो.

वय सांगणारं मुख्य खनिज म्हणजे झिरकॉन. स्फटिक बनताना ते युरेनियम आत घेतं आणि शिसं जवळपास घेतच नाही. म्हणून आज त्यात सापडणारं शिसं बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेलं असतं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं, युरेनियम-२३५चं सुमारे ७०.४ कोटी. पहिल्यातून शेवटी शिसे-२०६ बनतं, दुसऱ्यातून शिसे-२०७. म्हणून एकाच दाण्यात दोन घड्याळं चालतात आणि एक दुसऱ्याची चूक पकडतं.

झिरकॉन वेगळं करण्याचं काम मात्र चिवट आहे. खडक जॉ क्रशरमध्ये फोडून २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढावा. सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो: आधीच्या नमुन्याचे दाणे यंत्रात राहतात आणि नव्यात मिसळतात. मग एकाच खडकाची दोन वयं येतात आणि त्यावरून भलतेच सिद्धांत रचले जातात. दर नमुन्यानंतर यंत्र ब्रशने व हवेने साफ करून, स्वच्छ क्वार्ट्झचे तुकडे त्यातून फोडून काढावेत. नंतर सोनझारी सोनाराच्या दुकानासमोरची माती धुतात तसा हा चुरा परातीत पाण्याने धुवावा: हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. मॅग्नेटाइट हातचुंबकाने काढावं आणि उरलेला भाग मिथिलीन आयोडाइडमध्ये टाकावा. या द्रवाची घनता ३.३, झिरकॉनची सुमारे ४.६, त्यामुळे झिरकॉन बुडतं. द्रव विषारी आहे; हातमोजे आणि धूर ओढून नेणारं कपाट, दोन्ही सक्तीचे.

दाणे वेचताना फक्त सुंदर, पारदर्शक तेवढेच उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर दाण्यांचा एखादा अख्खा गट निसटतो. दाणे इपॉक्सीत बसवून निम्म्यापर्यंत घासावेत आणि कॅथोडोल्युमिनेसन्स चित्र (इलेक्ट्रॉनचा मारा केल्यावर दाणा जसा उजळतो त्याचं) घ्यावं. पुढे लेसरने दाण्याचा ठिपकाभर भाग उडवून त्यातलं युरेनियम-शिसं मोजायचं असतं; चित्राशिवाय लेसर लावणं म्हणजे अंधारात तीर मारणं. बारीक लयबद्ध पट्टे मॅग्मात वाढलेला भाग दाखवतात. मध्ये वेगळा गाभा दिसला तर तो बहुधा जुन्या खडकातून आलेला वारसा असतो. लेसरचा ठिपका २५ ते ३५ मायक्रॉनचा ठेवावा आणि तो गाभा व कडेच्या सीमेवर पडू देऊ नये. पडला तर येणारं वय कोणाचंच नसतं. मध्ये-मध्ये ९१५०० हे प्रमाण झिरकॉन मोजत राहावं. त्याचं वय सुमारे १०६.५ कोटी वर्षं ठरलेलं आहे.

धारवाड भागाच्या (दक्षिण भारतातल्या प्राचीन कवचाच्या) पूर्वेकडील ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचे. त्या वयाला शिसे-२०६/युरेनियम-२३८ हे गुणोत्तर ०.४७४ च्या आसपास आणि शिसे-२०७/शिसे-२०६ हे ०.१६४३ च्या आसपास यायला हवं. दोन घड्याळांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दाण्यातून शिसं गळलं असावं. युरेनियम जास्त असलेले, किरणोत्साराने चिरफळलेले दाणे असंच करतात. इतक्या जुन्या खडकासाठी शिसे-२०७/शिसे-२०६ वयावर भर द्यावा. बायोटाइटचं (काळ्या अभ्रकाचं) पोटॅशियम-आर्गॉन वय कमी आलं म्हणून गोंधळू नये. ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली थंड होण्याचं वय आहे, जन्माचं नव्हे.

मुळाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो एका खनिजावर सुटत नाही. हॉर्नब्लेंड (गडद हिरवट-काळं खनिज), स्फीन (टायटॅनियमचं खनिज) आणि मॅग्नेटाइट एकत्र असतील तर मॅग्मा आग्नेय खडक वितळून आल्याचा संशय घ्यावा. मस्कोवाइट (पांढरा अभ्रक), गार्नेट किंवा कॉर्डिएराइट ही ॲल्युमिनियम जास्त असलेली खनिजं असतील तर गाळाच्या खडकांचा. हा फरक चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ साली मांडला. पण मस्कोवाइट नंतरच्या गरम द्रवांनीही बनतं. ते फेल्डस्पारला कुरतडून वाढलेलं दिसलं तर पुराव्यात धरू नये. झिरकॉनमधलं हाफ्नियम समस्थानिक जास्त भरवशाचं: एप्सिलॉन-हाफ्नियम (हाफ्नियमच्या गुणोत्तराचा त्या काळच्या पृथ्वीच्या सरासरीपासूनचा फरक) धन आलं तर कवचाखालच्या प्रावरणातून नुकतंच आलेलं द्रव्य, बरंच ऋण आलं तर जुनं कवच पुन्हा वितळलं. त्यासाठी ठिपका वय मोजलेल्या पट्ट्यातच घ्यावा.

हॉर्नब्लेंडच्या कडेवर एकूण ॲल्युमिनियम मोजलं तर दाबही निघतो: किलोबारमधला दाब = ४.७६ × ॲल्युमिनियम − ३.०१. खनिजाच्या सूत्रात तेवीस ऑक्सिजन धरून ॲल्युमिनियमचे अणू १.५ आले तर दाब सुमारे ४.१ किलोबार, म्हणजे साधारण १५ किलोमीटर खोली. पण क्वार्ट्झ, दोन्ही फेल्डस्पार, बायोटाइट, स्फीन आणि लोहाचं ऑक्साइड हॉर्नब्लेंडसोबत हजर असतील तेव्हाच. एकही गैरहजर असेल तर हा आकडा लिहूच नये.