मण्यात पाणी उतरताना पोटॅशची पिशवी नीट वाचा

ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या द्राक्षबागांत मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागली, की दुकानात एकच मागणी असते, "पोटॅश द्या." पोटॅश मात्र एक नाही. चार पांढऱ्या पावडरी समोर ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांनी कुणालाही ओळखता येणार नाहीत, आणि बागेवर चौघींचा परिणाम वेगवेगळा होतो.

पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅश यांची टक्केवारी, यालाच ग्रेड म्हणतात. या अवस्थेत हवं ते ०-०-५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. १३-०-४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यातून नत्रही जातं. ते आता वेलीला नको, शेंडा पुन्हा धावतो. ०-५२-३४, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, यात स्फुरद जास्त असतं, त्याची वेळ आधीची. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे ०-०-६०. ते लालच असतं असं समजू नका, पांढरंही मिळतं. त्यातल्या क्लोराइडने द्राक्षाच्या पानांच्या कडा करपतात, आणि पाणी किंवा जमीन आधीच खारवट असेल तर जास्तच.

म्हणून ब्रँडच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, ग्रेड आणि रासायनिक नाव वाचा. आयात मालाच्या कागदपत्रांवर किंवा सुरक्षा माहितीपत्रकावर सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांकही असतो. नाव कंपनीगणिक बदलतं, हा क्रमांक जगभर तोच राहतो. पोटॅशियम सल्फेट ७७७८-८०-५, क्लोराइड ७४४७-४०-७, नायट्रेट ७७५७-७९-१, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ७७७८-७७-०. फोनमध्ये जपून ठेवा.

शंका आली तर घरी एक चाचणी करता येते. प्लास्टिकच्या पेल्यात १०० मिली साधं पाणी घ्या, त्यात २० ग्रॅम पावडर टाकून पाच-दहा मिनिटं ढवळा. २० अंश तापमानाला १०० मिली पाण्यात सल्फेट साधारण ११ ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे तळाला पांढरा थर राहायलाच हवा. क्लोराइड ३४ ग्रॅमपर्यंत विरघळतं. पिशवीवर ०-०-५० लिहिलंय आणि पेल्यात सगळं विरघळून गेलं, तर ती पिशवी बागेत नेऊ नका. थर राहिला म्हणून माल शुद्ध ठरत नाही, पक्का निकाल प्रयोगशाळेचाच. त्याच मालाची एक न फोडलेली पिशवी आणि पक्कं बिल ठेवा, आणि खत निरीक्षकाकडून खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार नमुना घेण्याची मागणी तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या. स्वतः भरून नेलेल्या नमुन्यावर वाद होतो.

विद्राव्यतेचा हाच हिशोब ड्रिपच्या टाकीलाही लावा. थंडीत पाणी गार असतं, सल्फेट आणखी कमी विरघळतं. २०० लिटरच्या टाकीत १० किलोपर्यंतच टाका, गाळून सोडा. कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत कधीही नको. सल्फेटबरोबर जिप्सम तयार होऊन ड्रिपर बंद पडतात, ०-५२-३४ बरोबरही साका बसतो. दोन्ही द्यायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी द्या.

गोदामाबद्दल कळकळीने सांगतो. १३-०-४५ म्हणजे सोराच. त्याच्या वाहतुकीच्या कागदांवर यूएन १४८६ हा क्रमांक आणि वर्तुळावर ज्योत असलेलं पिवळं चिन्ह असतं, म्हणजे हा पदार्थ आगीला ऑक्सिजन पुरवतो. द्राक्ष बागायतदाराच्या खोलीत भुरी रोगासाठी आणलेलं गंधक असतंच, शेजारी डिझेलचा कॅनही. या तिन्ही वस्तू एका खोलीत ठेवू नका. फुटलेल्या पिशवीतून सांडलेला सोरा गंधकाच्या भुकटीबरोबर एकाच झाडूने गोळा करू नका, आणि तिथे विडी ओढू देऊ नका.